धाकटा कमावतो, थोरला मिरवतो: 'मँचेस्टर इव्हनिंग न्यूज'चं प्रकरण

फेब्रुवारी २०१० मध्ये 'गार्डियन' हे दैनिक चालवणाऱ्या लंडनच्या गार्डियन मीडिया ग्रुपने एक व्यवहार जाहीर केला. 'मँचेस्टर इव्हनिंग न्यूज' हे सायंदैनिक आणि त्याच्यासोबतची तीसेक लहानमोठी स्थानिक पत्रं 'ट्रिनिटी मिरर' या कंपनीला विकली. किंमत सांगितली ४ कोटी ४८ लाख पौंड. पण हा आकडा सोलून बघितला की आत दुसरंच काही निघतं. रोख रक्कम होती ७४ लाख पौंड. उरलेले ३ कोटी ७४ लाख हे पैसे नव्हतेच. गार्डियन ग्रुपने ही पत्रं ट्रिनिटी मिररच्याच छापखान्यात छापून घेण्याचा लांब मुदतीचा करार केला होता. त्या करारातून आता सुटका मिळाली आणि त्या सुटकेची किंमत ३ कोटी ७४ लाख धरली. म्हणजे गिऱ्हाइकाने दुकान विकत घेतलं आणि मोबदल्यात दुकानदाराचं पुढच्या काही वर्षांचं देणं माफ केलं.

जवळजवळ दीडशे वर्षांचं दैनिक, एके काळी इंग्लंडातलं लंडनबाहेरचं सगळ्यात खपाचं सायंदैनिक, रोखीत ७४ लाखांना गेलं, तेही एकटं नाही, बाकीच्या पत्रांसकट.

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात विभागात काढली आहेत. पेपरवाल्यांच्या जगात दोन जाती असतात. एक अग्रलेखवाली, दुसरी छोट्या जाहिरातींच्या खिडकीवाली. पहिलीचा फोटो भिंतीवर लागतो आणि पगार दुसरीच्या गल्ल्यातून निघतो. मँचेस्टरचं हे प्रकरण मला खिडकीच्या बाजूने बघायचं आहे, कारण दुसऱ्या बाजूने ते पुष्कळांनी सांगितलं आहे. 'गार्डियन' म्हटलं की जगाला मँचेस्टरच्या जाहीर सभेवर घोडदळ घातलं ते पीटरलूचं हत्याकांड आठवतं, ज्यातून हा पेपर जन्मला; त्याचे संपादक सी. पी. स्कॉट आठवतात, 'मत मोकळं, पण वस्तुस्थिती पवित्र' हे त्यांचं १९२१ चं वाक्य आठवतं. एकाच इमारतीत खालच्या अंगाला बसून या घराची चूल पेटती ठेवणारा धाकटा भाऊ, म्हणजे 'इव्हनिंग न्यूज', कुणाला आठवत नाही.

निवडणुकीच्या पत्रकातून दैनिक

धाकट्याचा जन्मच मुळी तात्पुरत्या कामासाठी झाला. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरातल्या कामगार कुटुंबप्रमुखांना मताचा हक्क मिळाला आणि मँचेस्टरला संसदेत तिसरी जागा आली. १८६८ च्या निवडणुकीत मिचेल हेन्री नावाचे गृहस्थ उभे होते. शिक्षणाने शल्यवैद्य, घरचा पैसा कापड व्यापाराचा. प्रचाराला हाताशी एक पेपर असावा म्हणून त्यांनी १० ऑक्टोबर १८६८ रोजी 'मँचेस्टर इव्हनिंग न्यूज' सुरू केला. ब्राउन स्ट्रीटवर छोटी कचेरी, डझनभर माणसं, चार पानं, किंमत अर्धी पेनी.

ही अर्धी पेनी महत्त्वाची आहे. १८२१ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन' निघाला तेव्हा तो आठवड्यातून एकदा यायचा आणि अंकाला ७ पेन्स पडायचे. त्यातले ४ पेन्स सरकारी मुद्रांक कराचे. पेपर वाचणं ही साहजिकच पैसेवाल्याची चैन होती. १८५५ मध्ये तो कर गेला, १८६१ मध्ये कागदावरचा करही उठला, आणि गिरणीतून सुटलेला माणूस घरी जाताना एक अंक घेईल अशी शक्यता प्रथमच तयार झाली. नवा मतदार आणि नवा वाचक हा एकच माणूस होता, हे हेन्रींनी बरोबर ओळखलं.

मतदाराने मात्र त्यांना ओळखलं नाही. ते पडले. त्याच निवडणुकीत कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतले अर्नेस्ट जोन्सही पडले, तेव्हा नव्या मतदाराला गृहीत धरणारे हेन्री एकटेच नव्हते. पडल्यावर पेपरात त्यांचा जीव राहिला नाही. तो त्यांनी 'गार्डियन'च्या संस्थापकाचा मुलगा धाकटा जॉन एडवर्ड टेलर याला विकला आणि स्वतः आयर्लंडला वळले. तिथे कोनेमारात तळ्याकाठी त्यांनी बांधलेला कायलमोरचा वाडा आजही पर्यटक बघतात. पुढे ते गॉलवेतून खासदारही झाले. आयरिश स्वराज्याच्या बाजूने त्यांनी बरीच वर्षं काम केलं. मँचेस्टरमधला पेपर हे त्यांच्या चरित्रातलं एक तळटिपेइतकं प्रकरण.

एका छपराखाली

टेलरने धाकट्याला १८७९ मध्ये थोरल्याच्या शेजारी क्रॉस स्ट्रीटवर आणून बसवलं. ही जागा समजून घ्यायला हवी. त्याच रस्त्यावर रॉयल एक्स्चेंज, म्हणजे जगाच्या कापसाचा आणि सुताचा बाजार. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याला माहीत नसे, पण त्याच्या बोंडाचा भाव ज्या मोजक्या ठिकाणच्या गोंगाटावर हलायचा त्यातलं हे एक. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला तेव्हा मँचेस्टरकडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला, तो १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळेपर्यंत. 'गार्डियन' या व्यापारी वर्गाचा पेपर होता. त्याच्या पहिल्या भांडवलातही तोच कापूस होता आणि म्हणून गुलामांच्या श्रमाचा अंशही. २०२३ मध्ये त्याच्या विश्वस्तांनी याबद्दल जाहीर माफी मागितली.

१९०५ मध्ये टेलर वारले आणि घराची पहिली वाटणी झाली. 'गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांना तो पेपर विकत घेण्याची पहिली संधी द्यावी, असं मृत्युपत्रात होतं. पण विश्वस्तांवर विकण्याचं बंधन नव्हतं. घासाघीस झाली. शेवटी १९०७ मध्ये स्कॉटांनी २ लाख ४२ हजार पौंड मोजले, त्यासाठी बहिणींकडून आणि टेलरांच्या विधवेकडून कर्ज काढलं. 'इव्हनिंग न्यूज' मात्र टेलरांच्या भाच्यांकडे, ॲलन कुटुंबाकडे गेला.

इथे स्कॉटांना जे कळलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तत्त्वांचा पेपर हातात होता, पण गल्ला शेजारच्या बिऱ्हाडात गेला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला विरोध केला म्हणून वाचक गमावलेला, घराला पोलीस पहारा बसवावा लागलेला हा संपादक. लोकांना न आवडणारं लिहायचं तर पगाराची सोय त्या लोकांच्या मर्जीवर ठेवून चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १९२० च्या दशकात स्कॉट कुटुंबाने 'इव्हनिंग न्यूज' परत घेतला. वाटणी मोडून घर पुन्हा एक झालं. पुढची नव्वद वर्षं 'गार्डियन'ला जे परखड लिहिता आलं, त्याच्या मागे हा व्यवहार आहे.

सायंदैनिक चालतं कसं

सकाळच्या पेपरला रात्रभर वेळ असतो. सायंदैनिकाला नसतो. पहिली आवृत्ती दुपारच्या आत रस्त्यावर, मग दुपारभर एकामागून एक. मधल्या आवृत्त्यांत पान तेच, फक्त मथळा बदलतो, एखादा चौकोन रिकामा ठेवून त्यात ऐनवेळची बातमी किंवा घोड्यांच्या शर्यतीचा निकाल छापतात. कोर्टात अकरा वाजता शिक्षा झाली तर दोन वाजता ती चौकात विकायला हवी. शनिवारी फुटबॉल सामना संपल्यावर तासाभरात गुलाबी कागदावरचा खेळाचा अंक हातात पडायचा. मँचेस्टरची जुनी माणसं त्याला नुसतं 'पिंक' म्हणत. आपल्याकडे गिरणगावात संध्याकाळी स्टेशनबाहेर पेपर विकला जायचा, तीच घाई, तोच ओरडा, फक्त पाऊस जास्त.

हे बातम्यांचं झालं. पैसा मात्र छोट्या जाहिरातींतून यायचा. भाड्याने खोली, टायपिस्ट पाहिजे, वापरलेली मोटार, हरवलेला कुत्रा, निधनवार्ता. एकेक ओळ किरकोळ पैशांची, पण अशा हजारो ओळी आणि रोज. शिवाय या ओळींसाठी लोक पेपर *विकत* घ्यायचे. नोकरी शोधणारा माणूस अग्रलेख वाचो न वाचो, जाहिरातींची पानं बोट फिरवून वाचतो. आमच्या जिल्हा दैनिकातही असंच होतं. संपादकीय पान उलटं छापलं असतं तर चार पत्रं आली असती. वधू-वरांच्या स्तंभात एक फोन नंबर चुकला की सकाळी आठला खिडकीवर माणूस हजर.

१९३९ पर्यंत 'इव्हनिंग न्यूज'चा खप दोन लाखांच्या वर गेला. त्याच काळातला 'मँचेस्टर गार्डियन' हा जगात नावाजलेला, पण खपात किरकोळ पेपर होता. धाकट्याला डोकं नव्हतं असंही नाही. युद्धकाळात जॉन बीव्हन संपादक असताना जॉर्ज ऑर्वेल त्याच्यासाठी पुस्तकपरीक्षणं लिहीत होते, १९४३ पासून १९४६ पर्यंत. आपल्या चंपारणात, मोतीहारीला जन्मलेला हा माणूस मँचेस्टरच्या कारकुनांना आणि गिरणी कामगारांना संध्याकाळच्या चहाबरोबर काय वाचावं ते सांगत होता.

शहरात त्याला प्रतिस्पर्धीही होता. एडवर्ड हल्टन यांनी १८९७ मध्ये काढलेला 'इव्हनिंग क्रॉनिकल', विदी ग्रोव्हवरच्या प्रचंड छापखान्यातून निघणारा. दोघांची रोजची चढाओढ. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडचा संघ घेऊन येणारं विमान उड्डाण करताना कोसळलं. २३ माणसं गेली. त्यात आठ खेळाडू होते आणि आठ पत्रकारही. 'इव्हनिंग न्यूज'चे टॉम जॅक्सन, 'इव्हनिंग क्रॉनिकल'चे आल्फ क्लार्क आणि 'मँचेस्टर गार्डियन'चे डॉनी डेव्हिस हे तिघे त्या आठांत. एका शहरातले तीन पेपर, तिघांचेही फुटबॉलचे बातमीदार एका अपघातात गेले. एका दैनिकाचं शहराशी नातं म्हणजे काय, हे खपाच्या आकड्यापेक्षा या तीन नावांवरून लवकर कळतं.

१९६३ मध्ये 'क्रॉनिकल' बंद होऊन 'इव्हनिंग न्यूज'मध्ये विलीन झाला. आता मैदान मोकळं. त्या दशकात खप चार लाखांच्या वर होता.

मालकी सोडून देणारा मालक

मध्ये १९३६ चा मुक्काम आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही.

सी. पी. स्कॉट १ जानेवारी १९३२ रोजी वारले. चारच महिन्यांनी त्यांचा संपादक मुलगा एडवर्ड विंडरमिअरच्या तळ्यात नौका उलटून बुडाला. आता मालकी राहिली दुसरा मुलगा जॉन स्कॉट याच्या हातात. त्याला हिशेब कळत होता. आणखी एक मृत्यू झाला तर वारसाकर भरण्यासाठी पेपर विकावा लागणार. त्याने १९३६ मध्ये आपले सगळे शेअर विश्वस्तांच्या नावे करून टाकले. स्वतःला एक पै न ठेवता. त्याने ज्यांचा सल्ला घेतला ते गॅव्हिन सायमंड्स, पुढचे लॉर्ड चॅन्सेलर. त्यांनी त्याला बजावलं की मालकीहक्क असा अंगावरून उतरवून ठेवणं इंग्लंडच्या कायद्याच्या स्वभावात बसत नाही. जॉनने तरीही केलं.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. पुण्यात 'केसरी'ही ट्रस्टकडेच आहे. पण एक फरक आहे. जॉन स्कॉटच्या ट्रस्टकडे दोन पेपर आले, एक खर्चाचा आणि एक मिळकतीचा. मिळकतीच्या पेपराचा नफा भागधारकांना वाटायचा नाही, तो घरातच जिरवायचा, अशी ही रचना. जिरायचा कुठे? थोरल्यात.

यात त्या वेळी कुणाला अन्याय दिसला नाही आणि मलाही दिसत नाही. दोघे एका शहरात होते, एका इमारतीत होते. मँचेस्टरचा पैसा मँचेस्टरच्या पेपरात जात होता.

थोरला गाव सोडतो

पेच सुरू होतो तो थोरल्याने गाव सोडल्यावर. २४ ऑगस्ट १९५९ रोजी 'मँचेस्टर गार्डियन'ने नावातून मँचेस्टर काढून टाकलं. १९६१ मध्ये लंडनमध्ये छपाई सुरू झाली. १९६४ मध्ये संपादक ॲलिस्टर हेदरिंग्टन लंडनला राहायला गेले. कारण साधं होतं. बहुतेक वाचक आता मँचेस्टरबाहेरचे होते, बातमीचं केंद्र लंडन होतं, आणि कापसाचा व्यापार मरणाला टेकला होता. रॉयल एक्स्चेंजमधले व्यवहार १९६८ मध्ये थांबले. तिथे आता नाट्यगृह आहे, आणि शेवटच्या दिवसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत.

लंडनमध्ये बिऱ्हाड थाटणं महाग पडलं. १९६६ मध्ये जाहिराती आटल्या आणि घरात भांडण पेटलं. कंपनीचे अध्यक्ष लॉरेन्स स्कॉट हे जॉनचे चिरंजीव. ते म्हणाले, 'गार्डियन' स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, 'टाइम्स'मध्ये विलीन करू. ट्रस्टचे अध्यक्ष रिचर्ड स्कॉट हे एडवर्डचे चिरंजीव, म्हणजे चुलत भाऊ. ते आणि संपादक हेदरिंग्टन आडवे उभे राहिले. विलीनीकरण टळलं, 'टाइम्स' रॉय थॉमसन यांच्याकडे गेला. गार्डियनच्या इतिहासात हा विजयाचा प्रसंग म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण लॉरेन्सला खलनायक करू नये. तो मँचेस्टरमध्ये बसून दोन्ही वह्या बघत होता. एका वहीतून दुसरीत दरवर्षी किती जातं, हे त्याला दिसत होतं. प्रकरणातला हा एकमेव माणूस आहे ज्याने धाकट्याच्या बाजूने प्रश्न विचारला, भले त्याचं उत्तर चुकीचं असेल.

पुढची तीस-पस्तीस वर्षं तीच वाट. दोन्ही पेपर १९७० मध्ये क्रॉस स्ट्रीट सोडून डीन्सगेटला गेले. जुनी इमारत पाडून त्या भागात आर्नडेल सेंटर हा अवाढव्य बाजार उभा राहिला. १५ जून १९९६ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने ठेवलेल्या दीड टनाच्या बॉम्बने शहराचा मध्य फोडला तेव्हा याच आर्नडेलच्या काचा रस्त्यावर पडल्या. इशारा आधी मिळाल्यामुळे माणूस दगावला नाही, दोनशेवर जखमी झाले. 'इव्हनिंग न्यूज'साठी ती दाराशेजारची बातमी होती. तीन वर्षांनी त्याने संशयिताचं नाव छापलं. बातमी बाहेर कशी गेली यावरून एका पोलीस अधिकाऱ्यावर खटला भरला गेला आणि २००२ मध्ये तो निर्दोष सुटला. लंडनच्या पेपरांनी विषय सोडला तरी हा पेपर धरून बसला होता. स्थानिक पेपरचं खरं काम हे असतं: बाकीचे निघून गेल्यावर थांबणं.

छोट्या जाहिराती कुठे गेल्या

इथे प्रकरणातली सगळ्यात बोचरी गाठ आहे.

वापरलेल्या मोटारींच्या जाहिराती सायंदैनिकाचा मोठा आधार होत्या. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात फक्त मोटारींच्या जाहिरातींची स्वस्त साप्ताहिकं निघाली, फोटोसकट. त्यातून 'ऑटो ट्रेडर' हे नाव मोठं झालं. गार्डियन ग्रुपने या धंद्यात लवकर पैसा घातला आणि तो वाढवत नेला. इंटरनेट आल्यावर 'ऑटो ट्रेडर' छापील अंकातून संकेतस्थळावर गेला आणि फळफळला. मोटार विकणाऱ्या माणसाला आता 'इव्हनिंग न्यूज'च्या खिडकीवर यायची गरज उरली नाही. नोकऱ्या आणि घरं दुसऱ्या संकेतस्थळांनी नेली, पण मोटारी नेल्या त्या याच घरातल्या तिसऱ्या भावाने.

धंदा म्हणून ग्रुपने अगदी बरोबर केलं. त्यांनी घातलं नसतं तर दुसऱ्या कुणी घातलंच असतं. पण याचा अर्थ असा की धाकट्याचं उत्पन्न आटलं तेव्हा घर गरीब झालं नव्हतं. त्याच जाहिरातींचा पैसा दुसऱ्या दाराने घरात येतच होता.

२००६ मध्ये 'इव्हनिंग न्यूज'ने शहराच्या मध्यभागी अंक फुकट वाटायला सुरुवात केली, उपनगरांत मात्र विकत. जाहिरातदाराला दाखवायला वाचकसंख्या मोठी हवी म्हणून. हा प्रयोग मला सुरुवातीपासून अर्धवट वाटत आला. एकाच दिवशी एकच अंक एका माणसाला फुकट आणि पलीकडच्या बसथांब्यावरच्याला विकत, यात दुसरा माणूस स्वतःला मूर्ख समजतो आणि घ्यायचं सोडतो. २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये ग्रुपने वायव्य इंग्लंडातल्या पत्रांत दीडशे नोकऱ्या कमी केल्या, गावोगावच्या साप्ताहिकांच्या कचेऱ्या बंद करून बातमीदारांना मँचेस्टरला एका इमारतीत आणून बसवलं. ज्या पत्राचं नाव गावाचं, त्याची खिडकी गावात नाही. पुढच्या वर्षी विक्री.

विक्री २०१० ची. २०१४ मध्ये गार्डियन ग्रुपने 'ऑटो ट्रेडर'च्या कंपनीतला आपला उरलेला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा साठ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला. त्यातून ट्रस्टच्या गंगाजळीत अशी रक्कम पडली की 'गार्डियन' तोट्यात गेला तरी त्याला वर्षानुवर्षं हात पसरावा लागू नये. चार वर्षं. धाकटा चार वर्षं आधी घराबाहेर काढला नसता तर या ताटातला घास त्याच्याही वाट्याला आला असता का? ट्रस्ट आज आपलं मुख्य उद्दिष्ट सांगतो ते 'गार्डियन'चं आर्थिक आणि संपादकीय स्वातंत्र्य कायमचं राखण्याचं. त्या वाक्यात एकाच पेपरचं नाव आहे. विश्वस्त त्या वाक्याला बांधलेले. त्यामुळे उत्तर बहुधा नाही असंच.

विकलं ते चुकलं का

२०१० मध्ये विकणं चूक होतं, असं मला ठामपणे म्हणता येत नाही. किंमत हास्यास्पद वाटते, पण त्या वर्षी प्रादेशिक पेपरांना गिऱ्हाईक मिळणंच कठीण होतं, आणि छपाईचा करार डोक्यावर ओझं होता. ट्रिनिटी मिररकडे छापखाने होते, इतर शहरांतले पेपर होते, खर्च विभागून घेण्याची सोय होती. 'इव्हनिंग न्यूज' जगला हे खरं आहे, आणि विकला नसता तर नक्की जगला असता असं सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

चूक झाली ती आधीच्या चाळीस वर्षांत, असं माझं मत आहे. चांगल्या दिवसांत धाकट्याच्या नफ्यातला काही भाग त्याच्याच नावाने बाजूला पडायला हवा होता. एकत्र कुटुंबात मिळवत्या भावाचा पगार आईच्या हातात जातो, ठीक आहे. पण शहाणी आई त्याच्याही लग्नासाठी चार दागिने करून ठेवते. इथे थोरल्यासाठी ट्रस्ट होता, धाकट्यासाठी वहीत एक रकाना होता. ज्याला 'नफा देणारा' एवढीच ओळख दिली, तो नफा देईनासा झाल्यावर त्याला ठेवायचं कारणच उरत नाही.

विरोधी बाजू अशी मांडतात, आणि ती दुबळी नाही: त्या पैशामुळेच जगाला एक स्वतंत्र वृत्तपत्र मिळालं, मँचेस्टरच्या मोटारविक्रेत्यांनी नकळत १९५६ च्या सुएझ युद्धाला विरोध करणाऱ्या अग्रलेखाचा खर्च उचलला, यापेक्षा चांगला विनियोग कोणता? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ज्या शहराने हा खर्च उचलला, त्याच्या नगरपालिकेच्या सभेला, त्याच्या कोर्टात, त्याच्या इस्पितळाच्या चौकशीत बसायला किती बातमीदार उरले, हाही त्याच हिशेबातला आकडा आहे.

पुढचं थोडक्यात. ट्रिनिटी मिररने २०१८ मध्ये 'रीच' हे नाव घेतलं. त्याच वर्षी जानेवारीत 'गार्डियन'ने आकार लहान केला आणि छपाईसाठी तो ट्रिनिटी मिररकडेच गेला. ज्या छपाईच्या करारातून सुटण्यासाठी धाकटा दिला, त्याच कंपनीच्या यंत्रांवर थोरला चढला. त्याआधी २००५ मध्ये आपल्या खास आकारासाठी त्याने स्वतःची नवी यंत्रं घेतली होती, ती कालबाह्य झाली. 'इव्हनिंग न्यूज'चं संकेतस्थळ प्रादेशिक पत्रांत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांपैकी एक आहे, मात्र जाहिरातींच्या गर्दीत बातमी शोधावी लागते अशी वाचकांची तक्रार कायम असते. २२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीनात आत्मघातकी स्फोटात २२ जण मारले गेले, तेव्हा काही तासांत मृतांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी उघडला तो याच पेपरने. मालक कुणीही असो, शहराला काही झालं की लोक त्याच दाराशी येतात. २०२० मध्ये जोशी हरमन या पत्रकाराने 'द मिल' नावाचं ईमेलने येणारं पत्र मँचेस्टरमध्ये सुरू केलं, जाहिरातींशिवाय, वर्गणीवर. हा वेगळा हिशेब आहे आणि अजून लहान आहे. २०२४ च्या अखेरीस गार्डियन ग्रुपने १९९३ मध्ये घेतलेला 'ऑब्झर्व्हर' हा रविवारचा पेपरही विकायचा ठरवला. या वेळी लंडनमधल्या पत्रकारांनी संप केला. २०१० मध्ये मँचेस्टरसाठी लंडनमध्ये कुणी संप केला नव्हता.

विक्रीनंतर 'इव्हनिंग न्यूज' शहराचा मध्य सोडून ओल्डहॅमजवळ चॅडर्टनला, ट्रिनिटी मिररच्या छापखान्याच्या आवारात गेला. एकशे बेचाळीस वर्षांत प्रथमच तो मँचेस्टरच्या हद्दीबाहेरून निघू लागला. तिथल्या इमारतीला नव्या मालकांनी जुनं नाव दिलं. टेलरचं नाही, स्कॉटचं नाही, ॲलनचंही नाही. ज्याने एका निवडणुकीपुरता पेपर काढला, निवडणूक हरला आणि तो विकून आयर्लंडला निघून गेला, त्याचं: मिचेल हेन्री हाउस.